पेटीतील प्रयोग आणि पेटीबाहेरील यंत्र

पुंज-संगणनावरील प्रबंधांच्या शेवटी अलीकडे एक नवे परिशिष्ट आढळते. आज्ञावली ज्या कंटेनरमध्ये चालविली त्याची इमेज सोबत दिली, म्हणजे प्रयोग कोणासही पुनः करून पाहता येईल, असे त्यामागील गृहीतक असते. ते कितपत ग्राह्य आहे, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रथम या साधनाचे श्रेय मान्य केले पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये किस्किटची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि पूर्वीच्या असंख्य आज्ञावल्यांत वापरलेले 'एक्झिक्यूट' हे फलन तीतून वगळण्यात आले. त्यामुळे जुन्या आज्ञावल्या नव्या आवृत्तीवर चालत नाहीत. मात्र जुनी आवृत्ती, तिला मानवणारे पायथॉन आणि इतर पूरक संच एका पेटीत बंद करून ठेवले असतील, तर त्या आजही चालविता येतात. हे कार्य सामान्य नव्हे.

परंतु आज्ञावली चालणे आणि निष्कर्ष टिकणे या दोन भिन्न गोष्टी होत. कंटेनर हे स्वतंत्र यंत्र नव्हे. लिनक्सवर ते यजमान संगणकाचेच कर्नल वापरते आणि स्मृतीही त्याचीच घेते. पुंज-अवस्थेचे संपूर्ण सदिश साठवून अनुकरण करावयाचे, तर प्रत्येक वाढीव क्यूबिटागणिक स्मृतीची गरज दुप्पट होते. एका संमिश्र संख्येस १६ बाइट धरल्यास ३० क्यूबिटांना १६ गिगाबाइटांहून अधिक स्मृती लागते. पेटी तीच असूनही एका प्रयोगशाळेत पार पडणारा प्रयोग दुसरीत अर्ध्यावर बंद पडतो, तो यामुळेच.

प्रत्यक्ष पुंज-यंत्राची गोष्ट याहून बिकट आहे. तेथे पेटी केवळ काम पाठविते आणि उत्तर स्वीकारते. यंत्र पेटीबाहेरच राहते. दोन क्यूबिटांची बेल-अवस्था १०२४ वेळा मोजली असता आदर्श स्थितीत ००' आणि '११' प्रत्येकी सुमारे ५१२ वेळा यावेत. त्यात १६ इतके प्रमाण-विचलन स्वाभाविकच होय. प्रत्यक्षात '०१' आणि '१०' हेही आढळतात, आणि त्यांचे प्रमाण यंत्राच्या त्या वेळच्या अंशशोधनावर अवलंबून असते. आयबीएमने मे २०१६ मध्ये सर्वांस खुले केलेले पाच क्यूबिटांचे यंत्र आज सेवेत नाही. कोणतीही पेटी ते परत आणू शकत नाही.

म्हणून परीक्षकांनी इमेजवर समाधान मानू नये. यंत्राचे नाव, अंशशोधनाची तारीख व मूल्ये, मोजणीची संख्या, अनुकरणात वापरलेले यादृच्छिक बीज आणि मूळ मोजणीचे आकडे प्रबंधातच मागावेत. पेटी साधने जपते. पुरावा जपण्याची जबाबदारी संशोधकाचीच राहते.