चौघांतला तबला

परक्या वाद्यमेळात तबला दिसला की आपल्याकडच्या श्रोत्यांचे दोन पक्ष पडतात. एकाची छाती अभिमानाने फुगते. दुसऱ्याला देवघरातली समई उचलून कुणी हॉटेलात नेऊन ठेवल्यासारखे वाटते. दोघांचा वाद वर्षानुवर्षे चालला आहे आणि दोघेही त्यात रमलेले आहेत. माझी तक्रार एवढीच की या वादात तबला कुणी ऐकतच नाही. पहिला त्याच्याकडे बघून सुखावतो, दुसरा त्याची जात विचारतो. तो तिथे बसून करतो काय, हा साधा प्रश्न दोघांच्याही मनात येत नाही. ‘ओरेगन’ नावाच्या अमेरिकन चौकडीविषयी लिहायचे ठरवले ते या प्रश्नासाठी. पाश्चात्य संगीताचे शास्त्र मी शिकलेलो नाही. कादंबऱ्या लिहिणारा शाळामास्तर आहे. पण कान लावून ऐकण्यासाठी पदवी लागत नाही असे मी मानतो.

ही चौकडी 1970 साली जमली. राल्फ टाउनर, ग्लेन मूर, पॉल मॅककँडलेस आणि कॉलिन वॉलकॉट हे चौघेही पॉल विंटर याच्या ‘विंटर कॉन्सॉर्ट’ या मेळ्यातले. टाउनर आणि मूर यांची मैत्री ओरेगन राज्यातल्या विद्यापीठातली; मेळ्याचे नाव त्यावरून पडले. टाउनर मूळचा पियानो आणि तुतारीवाला. गिटार त्याने विशी उलटल्यावर हाती घेतली आणि ती शिकायला थेट व्हिएन्नाला कार्ल शाइट यांच्याकडे गेला. मॅककँडलेस ओबो वाजवणारा, म्हणजे जॅझमध्ये ज्याला सहसा कुणी दारात उभे करीत नाही अशा वाद्याचा माणूस. मूर बास वाजवी. आणि वॉलकॉट? हा न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला मुलगा सतार पंडित रविशंकरांकडे आणि तबला उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडे शिकला होता.

चौघांची ही यादी वाचली म्हणजे मनात प्रदर्शनाची कल्पना येते : थोडे व्हिएन्ना, थोडे न्यूयॉर्क, थोडी मुंबई. मिश्रसंगीताचे बहुतेक प्रयोग याच वाटेने जातात आणि म्हणूनच ते फसतात. आपल्या चित्रपटसंगीतातही पाश्चात्य स्वरमेळाचा उपयोग पुष्कळदा असाच झाला. गाण्याची चाल आपली आणि खाली व्हायोलिनांची झालर. झालर सुंदर असते, पण काढून टाकली तर गाणे उघडे पडत नाही. ओरेगनच्या वादनात झालर कुठली आणि कापड कुठले हे सांगता येत नाही, ही त्यांची पहिली खूण.

1972 च्या सुमारास निघालेल्या त्यांच्या ‘म्यूझिक ऑफ अनदर प्रेझेंट एरा’ या ध्वनिमुद्रिकेत ती खूण स्पष्ट उमटली आहे. टाउनरची गिटार बारा तारांची. तारांच्या सहा जोड्या. खालच्या चार जोड्यांत एक तार दुसरीच्या सप्तकभर वर लावलेली. त्यामुळे एक आघात केला की मागे स्वरांचा एक धुरकट पट्टा रेंगाळत राहतो. आपल्या कानाला तो तंबोऱ्याचा भास देतो. तंबोरा मात्र जागचा हलत नाही आणि ही गिटार क्षणाक्षणाला पाया बदलते. हा फरक विसरू नये, कारण पुढचा सारा पेच त्यातच आहे. ओबो हे दुहेरी पातीचे वाद्य, सनईच्या गोत्रातले. परंतु सनई ज्या मोकळ्या गळ्याने अंगण भरून टाकते तशी मुभा ओबोला नाही. त्याचा आवाज बारीक, किंचित नाकातला आणि दुखरा. मॅककँडलेसने तो दुखरेपणा लपवला नाही. जॅझच्या सॅक्सोफोनची ऐट आणण्याचा मोह त्याने टाळला, आणि मला तो चौघांतला सर्वांत सच्चा वादक वाटतो.

आता तबल्याकडे येऊ. आपल्या संगीतात तबल्याचे पहिले काम पत्ता सांगण्याचे. विलंबित ख्यालात गायक कितीही दूर भटकला तरी ठेक्याचे बोल त्याला सांगत राहतात की तू अमुक मात्रेवर आहेस. तीनतालात खालीचा भाग आला की डग्गा मुका होतो, ‘धिं’चा ‘तिं’ होतो. तेवढ्यावरून जाणत्या श्रोत्याला समेचे अंतर कळते. जॅझमध्ये हे काम कोण करतो? तिथेही आवर्तन असतेच. गाण्याच्या चालीखालच्या कॉर्डची एक ठरावीक मालिका असते. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि वादक तिच्यावर आपला विस्तार करीत जातो. कुठल्या घरात आपण आहोत हे तिथे कॉर्ड सांगते. म्हणजे ज्या मैफलीत टाउनरची गिटार आहे त्या मैफलीत ठेक्याची नोकरी आधीच भरलेली आहे. तबला तिथे येतो तो बेकार होऊन येतो.

बेकार तबलजी काय करील? एक, तो करामती दाखवील. कायदे, रेले, तिहाया यांचा पाऊस पाडील आणि परके श्रोते टाळ्या वाजवतील. वॉलकॉटला हे सोपे होते. त्याचे गुरू अल्लारखाँ यांनीच रविशंकरांबरोबर सवाल-जवाबाच्या बैठकी गाजवून तबल्याला साथीच्या चटईवरून उचलून पुढे आणून बसवले होते. अशा गुरूचा शिष्य मात्र उलट दिशेने गेला. त्याचा तबला पुष्कळदा एखादे वाक्य बोलतो आणि थांबतो. बासने एक आकृती मांडली की तिच्या शेवटी नुसता एक घुमारा देतो. कधी सबंध रचनेत तो तबला हाती घेतच नाही. दुसरेच काही लहानसे वाद्य खुळखुळवीत बसतो. ठेका गेला, सम गेली, तिहाईवर माना डोलावणारा श्रोता गेला. एवढे सगळे गमावून त्याने जे मिळवले ते म्हणजे तबल्याचा नुसता आवाज : शाईवरचा, चाटेवरचा, डग्ग्यावर मनगट सरकले म्हणजे निघणारा तो हुंदक्यासारखा नाद. ठेक्याच्या जबाबदारीत हे आवाज आपण ऐकतो खरे, पण अर्थासाठी ऐकतो. इथे ते आवाज म्हणून ऐकू येतात. हा सौदा फायद्याचा झाला की तोट्याचा, हे मी एका शब्दात सांगणार नाही. सम ही लहान वस्तू नव्हे. हजार माणसांच्या बैठकीत एका क्षणी सर्वांचे श्वास जिच्यावर येऊन टेकतात ती जागा वॉलकॉटने सोडली, आणि तिची उणीव मला आजही भासते.

यात आणखी एक अडचण आहे. ती तबला लावताना पाहिलेल्या माणसाच्या ताबडतोब ध्यानात येईल. तबला एका स्वरात मिळवतात. हातोडीने गट्टे ठोकून षड्ज किंवा पंचम जुळला की मैफल संपेपर्यंत तो स्वर हेच घर. पण जिथे दर दोन क्षणांनी कॉर्ड बदलते तिथे तबल्याचा हा गोड, ठाम स्वर शेजाऱ्याशी भांडू लागतो. सतारीचे तर विचारूच नका. तिच्या तरफांनी एका रागाची शपथ घेतलेली असते. यावर दोनच उपाय : संगीताने तबल्यासाठी एका जागी थांबावे, नाहीतर तबल्याने बेताने बोलावे. ओरेगनने दोन्ही केले. ज्या रचनांत गिटार पुष्कळ फिरते तिथे वॉलकॉट आखडता हात घेतो. जिथे बास एकाच स्वरावर ठिय्या देतो तिथे त्याचा हात मोकळा सुटतो. हे कुणी कागदावर लिहून दिले असेल असे मला वाटत नाही. चार माणसे एकमेकांना ऐकत असली म्हणजे असे होते. कादंबरीतल्या पात्रांना एकमेकांचे बोलणे ऐकायला लावणे किती अवघड असते हे मला ठाऊक आहे. बहुतेक पात्रे आपली पाळी येण्याची वाट पाहत उभी असतात.

या ऐकण्याची खरी परीक्षा होते ती त्यांच्या मुक्त वादनांत. आधी काहीच ठरलेले नाही. ना चाल, ना कॉर्ड, ना मात्रा. आपल्याकडे उपज म्हणजे काय ते आपण जाणतो, पण आपली उपज रागाच्या कुंपणातली आणि मुख्यतः एका माणसाची. साथीदाराने तिला सांभाळायचे. इथे कुंपणही नाही आणि मालकही नाही. अशी वादने त्यांच्या अनेक तबकड्यांवर आहेत आणि सर्वच चांगली आहेत असे म्हणणारा रसिक नव्हे, भक्त होय. काही नुसती शोधाशोध आहेत. अंधारात चौघेजण भिंती चाचपडत फिरतात, कुणाला दार सापडत नाही आणि मग शिष्टाचाराने सगळे थांबतात. पण जेव्हा सापडते तेव्हा ते दार कुणी उघडले हे कळत नाही. त्या दोन-तीन मिनिटांसाठी मी उरलेली शोधाशोध सोसायला तयार आहे.

वॉलकॉटच्या सतारीबद्दल स्पष्टच लिहितो. सतारवादन म्हणून ती ऐकू नये. मिंडेचा पल्ला नाही, आलापीचा धीर नाही. त्याने तसा दावाही केलेला दिसत नाही. सतार त्याने रंगासारखी वापरली. याच वृत्तीने डॉन चेरी आणि ब्राझीलचा नाना वास्कोन्सेलोस यांच्याबरोबर त्याने ‘कोडोना’ हा तिघांचा मेळ चालवला. तिघांच्या पहिल्या नावांची आद्याक्षरे जुळवून ते नाव केले होते. ते वेगळ्या लेखाचे काम.

8 नोव्हेंबर 1984 रोजी पूर्व जर्मनीत माग्डेबुर्गजवळ मेळ्याच्या दौऱ्यातच रस्त्यावर अपघात झाला आणि वॉलकॉट गेला. वय चाळिशीच्या आतले. आदल्याच महिन्यात मुद्रित केलेली ‘क्रॉसिंग’ ही ध्वनिमुद्रिका 1985 साली निघाली. त्याच्या जागी आला त्रिलोक गुर्टू, आणि इथे ही गोष्ट आपल्या दारात येते. त्रिलोक मुंबईचा, शोभा गुर्टू यांचा मुलगा. शोभाताई बेळगावच्या शिरोडकर घराण्यातल्या. त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर नृत्यात निपुण आणि गाण्यात उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. म्हणजे ज्या घरात ठुमरी-दादऱ्याची लय पाळण्यात कानांवर पडली त्या घरातला हात ओरेगनला मिळाला. अभिमानी पक्षाला यापेक्षा अधिक काय हवे?

हात विलक्षण आहे यात वादच नाही. त्रिलोक गुडघा टेकून, अर्धवट बैठक मारून वाजवतो. तबला, झांजा, ढोल यांचा एक स्वतःचाच संसार त्याने भोवती मांडलेला असतो. पाण्याच्या बादलीत झांज बुडवून तिचा स्वर वाकवतो. 1987 च्या ‘इकोटोपिया’त त्याने मेळ्याला जी चाल दिली ती वॉलकॉटला दहा जन्मांत देता आली नसती. मोजणी पुन्हा परत आली. सम आली, निदान तिची सावली आली. तरीही माझे मत वॉलकॉटच्या बाजूने पडते. त्रिलोकला तालाचे इतके येते की न वाजवण्याची जागा त्याला फार क्वचित सापडते. आणि तो वाजवू लागला की बाकीचे तिघे, कितीही मोठे असले तरी, त्याच्या पाठीवर बसून प्रवास करतात. चौघांचे बोलणे जाऊन एकाचे वाहन होते. त्याच काळात टाउनरने सिंथेसायझरचाही नाद वाढवला होता, त्याने जागा आणखीच भरली. ते आवाज आज जुन्या कॅलेंडरासारखे तारखेसकट दिसतात. ओबोचा आवाज तसा दिसत नाही.

त्रिलोकवर मात्र या निकालाने अन्याय होऊ नये. त्याची स्वतःची पहिली ध्वनिमुद्रिका ‘उस्फ्रेट’ 1988 साली निघाली आणि तीत शोभाताई गायल्या आहेत. तिथे मुलगा मालक आहे, आई पाहुणी आहे आणि लय दोघांच्या घरची. तिथे त्याचा हात कुणाची जागा अडवीत नाही. ओरेगनमध्ये जे जास्त झाले ते तिथे बरोबर मापाचे होते.

नव्वदीच्या सुरुवातीला तो मेळ्यातून बाहेर पडला. उरलेल्या तिघांनी चौथा न घेता 1994 साली ‘ट्रॉइका’ काढली. पुढे 1997 पासून मार्क वॉकर आला आणि त्याच्याबरोबर पाश्चात्य ड्रम आले. मॉस्कोत मोठ्या वाद्यवृंदाबरोबर केलेली त्यांची ध्वनिमुद्रिका 2000 साली निघाली आणि बरीच वाखाणली गेली. पण ज्याला मी म्हणतो ते ऐकायचे आहे त्याने आधी 1972 ची तबकडी ऐकावी आणि लगोलग ‘ट्रॉइका’ लावावी. तिघे वाजवीत आहेत, आणि गिटार व बास यांच्यामध्ये अधूनमधून एक लहानसे अंतर ते मोकळे सोडतात. तिथे पूर्वी डग्ग्याचा घुमारा येत असे.