पदव्या आणि ताम्रपट

महामहोपाध्याय वा. वि. मिराशी (१८९३–१९८५) ह्यांच्याविषयीची चरित्रपर टिपणे वाचताना एक उणीव आम्हांस वारंवार जाणवते. नागपुरातील संस्कृताचे अध्यापन, १९४१ ची महामहोपाध्याय ही पदवी, १९७५ चे पद्मभूषण, एवढी नामावळी पुरी झाली की टिपणकार लेखणी खाली ठेवतो. हे सन्मान कोणत्या श्रमांचे फळ, हे वाचकास कळतच नाही.

वस्तुतः त्याच १९४१ साली अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील वाकाटक लेखाची मिराशींनी सिद्ध केलेली आवृत्ती हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्वमालेत निघाली. १९३९ साली उजेडात आलेल्या वाशीमच्या ताम्रपटात प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन आढळतो. त्या आधारे अजिंठ्याच्या खंडित वंशावळीत तेच नाव वाचून त्यांनी जुने वाचन दुरुस्त केले. ह्याच ताम्रपटातील ‘नान्दीकड’ म्हणजे आजचे नांदेड, असेही त्यांनी प्रतिपादिले. इस्लापुरास राहून आपल्या जिल्ह्याचा पूर्वेतिहास शोधणाऱ्या आम्हांस हे एक वाक्य पद्मभूषणाहून मोलाचे वाटते. कारण त्यायोगे नांदेडचे नाव वाकाटककाळापर्यंत मागे जाते.

तथापि पदवी म्हणजे प्रमाण नव्हे. नान्दीकड व नांदेड ह्यांचे ऐक्य टिकावयाचे ते ध्वनिसाम्यावर आणि भूगोलावर; ‘महामहोपाध्याय’ ह्या सात अक्षरांवर नव्हे. ह्यास्तव गौरवकारांनी प्रत्येक सन्मानाच्या सालाशेजारी त्या साली कोणता लेख वाचला गेला, हेही नोंदवावे. तसे केल्यास पुढील अभ्यासकास वंदनही करता येईल आणि परीक्षणही.