खूण आधी, अक्षर मागून

लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६० च्या दशकात तालिका-नोंदी संगणकावर आणण्यासाठी ‘मार्क’ हा साचा तयार केला. त्याची जुनी अक्षरसंहिता म्हणजे मार्क-८. तिच्यातला मजकूर युनिकोडमध्ये आणणारं एक फंक्शन पायथॉन भाषेतल्या ‘पायमार्क’ या कोडसंचात आहे. कोडला कुणी दाद देतं का? याला द्यावीशी वाटते.

काम तसं कोष्टक बघण्याचं. बाइटचा आकडा शोधा, समोरचा युनिकोडचा आकडा उचला. चिनी-जपानी अक्षरांना तीन बाइट लागतात, ते वेगळं. गंमत आहे ती प्रत्येक आकड्याशेजारच्या शून्य-एकात. एक असेल तर ती अक्षराला चिकटणारी खूण.

मार्क-८ मध्ये देवनागरी नाहीच. म्हणून ‘ज्ञानेश्वरी’ रोमनमध्ये, चार खुणांनिशी नोंदवायची. त्यातला दीर्घ ‘आ’ घ्या. आधी २२९, म्हणजे आडवी रेघ, आणि मग रोमन ‘ए’. युनिकोडला नेमकं उलटं हवं, अक्षर आधी आणि रेघ (७७२) नंतर. मराठी टाइपरायटरवर बोटं चालवलेल्यांना हे नवं नाही. तिथे ‘कि’ उमटवायला आधी वेलांटी, मग ‘क’. युनिकोडमध्ये मात्र ‘क’चा मान पहिला.

ही अदलाबदल कोड कशी करतो? करतच नाही! खूण आली की एका रिकाम्या यादीत बसवतो. अक्षर आलं की ते लिहितो, मागोमाग यादीतल्या खुणा लिहितो आणि यादी पुन्हा रिकामी. मागे वळून बघणं नाही, दोनदा वाचणं नाही. एका अक्षरावर दोन खुणा असल्या तरी हेच चालतं. शेवटी अक्षर आणि खूण यांचं तयार जोडरूप असेल तर ते घेतलं जातं.

एक गोष्ट मात्र खटकते. कोष्टकात आकडा सापडला नाही तर फंक्शन त्या जागी साधी स्पेस ठेवतं. तक्रार नोंदवतं, पण ती प्रोग्रामरपुरती. तालिका चाळणाऱ्याला शीर्षकातलं अक्षर गळाल्याचा पत्ता लागत नाही. अनोळखी अक्षरासाठी युनिकोडने ६५५३३ क्रमांकाचं प्रश्नचिन्ह राखून ठेवलंय. इथे तेच हवं होतं.