‘युनिक्स’ची परिभाषा आणि मराठी प्रतिशब्द

पारिभाषिक संज्ञा एकाकी नसते; तिचा अर्थ शेजारच्या संज्ञांशी असलेल्या संबंधावरून ठरतो. हे तत्त्व भाषाशास्त्रात मान्य असले तरी प्रत्यक्ष परिभाषा घडविताना त्याचा विसर पडतो. ‘युनिक्स’ या संगणकाच्या कार्यप्रणालीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

बेल प्रयोगशाळेने १९६९ मध्ये ‘मल्टिक्स’ या अवाढव्य प्रकल्पातून अंग काढून घेतले. त्यानंतर केन थॉम्सन व डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या लहान यंत्रावर आटोपशीर प्रणाली रचली. ‘युनिक्स’ हे नाव म्हणजे ‘मल्टिक्स’वरील कोटीच होय : तेथे ‘अनेक’, येथे ‘एक’. १९७३ मध्ये ती ‘सी’ भाषेत नव्याने लिहिली गेल्यामुळे पुढे निरनिराळ्या यंत्रांवर नेणे सुकर झाले.

तिच्या प्रमुख संज्ञा घरगुती आहेत. यंत्राची स्मृती, वेळ व साधने यांची वाटणी करणारा अंतर्भाग तो ‘कर्नल’, म्हणजे दाणा. वापरकर्त्याची आज्ञा वाचून ती पार पाडविणारा बाह्य भाग तो ‘शेल’, म्हणजे त्या दाण्यावरील टरफल. एका आज्ञावलीचे फलित दुसरीकडे पोचविणारी ती ‘पाइप’. १९६४ मध्ये ही कल्पना मांडताना डग्लस मॅकिलरॉय यांनी बागेतील पाण्याच्या नळीचाच दाखला दिला होता.

‘शेल’साठी ‘कवच’ हा शब्द सहज सुचतो; परंतु तो फसवा आहे. कवचात रक्षणाचा अर्थ प्रधान आहे, आणि युनिक्समध्ये रक्षणाचे कार्य मुख्यतः ‘कर्नल’चे आहे. ‘शेल’ ही इतरांसारखीच एक आज्ञावली असून ती बदलता येते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांचे शेल जुन्याच्या जागी आले. ‘कर्नल’ हा शब्द जसाच्या तसा घ्यावा, तर मराठी वाचकापुढे सेनाधिकारी उभा राहतो. ‘दाणा’ व ‘टरफल’ ही जोडी मात्र मूळ संबंध अभंग ठेवते. ‘टरफल’ शब्दास टाकाऊपणाची छटा आहे, हा आक्षेप खरा. पण पारिभाषिक वापराने अशा छटा पुसट होतात.

याचा अर्थ देशी शब्दच सर्वत्र श्रेयस्कर, असा नव्हे. युनिक्समधील ‘फाइल’ म्हणजे केवळ बाइटांची क्रमवार मालिका. तेथे उपकरणेदेखील फाइलीच्या रूपाने दिसतात. शासकीय ‘नस्ती’ या शब्दाबरोबर कागद, टिपणी व शेरे डोळ्यांपुढे येतात. ‘फाइल’ हा शब्द लॅटिनमधील ‘दोरा’ या अर्थाच्या शब्दापासून आला असला, तरी मराठी भाषकास तो दोरा जाणवत नाही, आणि शब्द तर अंगवळणी पडलेला आहे. तो तसाच ठेवणे इष्ट.

तात्पर्य, प्रतिशब्द संस्कृत, देशी की परकी, हा प्रश्न दुय्यम आहे. संज्ञांमधील परस्परसंबंध त्यात टिकतो की नाही, हीच खरी कसोटी होय. ती न लावता घडविलेली परिभाषा कोशात राहील. विद्यार्थ्याच्या विचारात मात्र उतरणार नाही.