नव्या चित्रपटांतील बोली : काही अभिप्राय

एखादा चित्रपट पाहावा की टाळावा, हा प्रश्न विद्यापीठीय संशोधनाच्या कक्षेत बसत नाही, असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते. तथापि भाषाभ्यासाच्या वर्गात विद्यार्थी आज जी उदाहरणे देतात, त्यांपैकी बरीच चित्रपटांतून आणि घरबसल्या पाहावयास मिळणाऱ्या मालिकांतून आलेली असतात. मालवणीचा नमुना विचारला, तर सिंधुदुर्गात कधीही पाऊल न टाकलेला विद्यार्थी नाटकातील वा चित्रपटातील एखादे वाक्य म्हणून दाखवितो. वैदर्भी बोलीचा दाखला मागितला, तर एखाद्या विनोदी पात्राचे बोलणे पुढे येते. पुरावा म्हणून जी सामग्री वापरली जाते, तिची परीक्षा कोणी तरी केली पाहिजे. त्या मर्यादित हेतूने गेल्या काही वर्षांतील सहा कलाकृतींविषयींचे अभिप्राय येथे नोंदविले आहेत.

या अभिप्रायांमागील कसोटी एकच आहे. चित्रपटातील बोली ही पात्राची विचार करण्याची भाषा आहे, की पात्राचे गाव, जात किंवा अडाणीपणा प्रेक्षकास चटकन ओळखता यावा म्हणून लावलेली ती केवळ खूण आहे? पहिल्या प्रकारात त्या बोलीतून माणूस भांडतो, हिशेब करतो, लाजतो, खोटे बोलतो आणि माया करतो. दुसऱ्या प्रकारात तिच्याकडून दोनच कामे करून घेतली जातात : हसविणे किंवा भिवविणे. उच्चारांचा बिनचूकपणा ही त्या मानाने दुय्यम गोष्ट होय. उच्चार अचूक असूनही बोलीचा अवमान होऊ शकतो. उलट, काहीशी निवळलेली बोलीही बोलणाऱ्याची प्रतिष्ठा सांभाळू शकते.

तुलनेसाठी दोन चित्रपट नजरेसमोर ठेवणे सोयीचे होईल. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’मध्ये (२०१३) जब्याच्या कुटुंबात कैकाडी बोलली जाते आणि गावात वावरताना मराठी. कैकाडी ही द्राविड कुळातील, तमिळला जवळची भाषा. चित्रपटाचे नावही त्याच भाषेतले असून त्याचा अर्थ डुक्कर असा आहे. उंबरठा ओलांडताना भाषा बदलणे हीच तेथे कथानकातील एक घटना ठरते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी या चार भाषा वावरतात. न्यायासनासमोर त्यांपैकी कोणती चालते, घरी जेवताना कोणती, आणि शाहिराच्या मंचावर कोणती, हे पाहत गेले की सत्तेची उतरंड आपोआप स्पष्ट होते. या दोन्ही कृतींत भाषेविषयी भाष्य करणारे पात्र नाही. भाषाव्यवहारच दाखविलेला आहे.

या पार्श्वभूमीवर प्रथम जयंत दिगंबर सोमलकर यांच्या ‘स्थळ’चा विचार करणे योग्य होईल. हा चित्रपट २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात दाखविला गेला व मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत आला. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव हे त्याचे स्थळ, आणि गावातील माणसेच त्यातील नट. पदवीचे शिक्षण घेणारी आणि स्पर्धापरीक्षा देऊ पाहणारी सविता वारंवार ‘दाखविली’ जाते, एवढेच त्याचे कथानक. भाषाभ्यासकास त्यात विशेष वाटावे ते प्रश्नांचे रूप. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, असे तेच ते प्रश्न त्याच क्रमाने दर वेळी विचारले जातात. व्याकरणदृष्ट्या हे प्रश्न खरे. परंतु त्यांची उत्तरे विचारणारास बहुधा आधीच ठाऊक असतात. माहिती मिळविणे हा त्यांचा हेतू नसून उत्तर देणारीस पाटावर बसवून ठेवणे हा आहे. चित्रपटाच्या आरंभी एका स्वप्नदृश्यात हेच प्रश्न बायका एका मुलाला विचारतात. वाक्ये तीच, स्वरही तोच. दिशा मात्र उलटी. तेव्हा प्रेक्षागृह हसते. तेच प्रश्न पुढे सवितेला विचारले जातात तेव्हा हसू येत नाही. एका वाक्याचा अर्थ वक्ता आणि श्रोता यांच्या स्थानावर किती अवलंबून असतो, हे समजावून देण्यास याहून सोपे उदाहरण शोधून सापडणार नाही.

बोलीसंबंधी एक खुलासा आवश्यक आहे. विदर्भातील कोणतेही बोलणे ऐकले की त्यास ‘वऱ्हाडी’ म्हणण्याची सवय पडली आहे. वास्तविक वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ हा पश्चिमेकडील प्रदेश. ग्रिअर्सनने आपल्या सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडी आणि नागपुरी यांची नावे वेगळी नोंदविली होती. आणि पूर्वेकडील झाडीपट्टीच्या बोलीस आज स्वतंत्र नाव आहे. चंद्रपूरचे बोलणे सरसकट वऱ्हाडी ठरविणे म्हणजे तीस-चाळीस कोसांचे अंतर पुसून टाकणे होय. ‘करून राहिला’, ‘जाऊन राहिला’ या क्रियारूपांवर रंगभूमीने व दूरचित्रवाणीने आजवर हशा वसूल केला. त्याच वळणाच्या बोलण्यातून या चित्रपटातील बाप कापसाच्या भावाची आणि हुंड्याची काळजी वाहतो, आणि कोणालाही हसावेसे वाटत नाही. ‘स्थळ’ अवश्य पाहावा.

रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटास जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्र विभागाचे सर्वोच्च परीक्षक-पारितोषिक मिळाले व त्याच वर्षी सप्टेंबरात तो भारतात प्रदर्शित झाला. वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांचे सुतक पाळण्यासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि गावातील त्याचा बालमित्र बाळ्या यांच्यातील प्रेमाची ही कथा आहे. नातेवाईक लग्नाचा विषय काढीत राहतात आणि आनंद गप्प राहतो. येथे बोलीचे सामर्थ्य शब्दांपेक्षा विरामांत आहे. सुतकाच्या घरात काय बोलावे, कोणी बोलावे, कोणता विषय टाळावा, याचे अलिखित नियम असतात. त्या नियमांच्या आडोशानेच दोन माणसे एकमेकांशी बोलू लागतात. त्यांच्या नात्यास नाव देण्याची घाई चित्रपट करीत नाही. मराठी घरात या नात्यासाठी मायेचा शब्द तयार नाही, ही उणीव त्यामुळे अधिकच जाणवते. गती अत्यंत संथ आहे आणि कॅमेरा बहुधा एका जागी स्थिर असतो. घाईत असणाऱ्याने तो पाहू नये. सवड काढून मात्र तो पाहिलाच पाहिजे.

सुबोध खानोलकर यांच्या ‘दशावतार’विषयी (२०२५) मत इतके सरळ देता येत नाही. दृष्टी अधू होत चाललेला वृद्ध दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री ही भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी केली आहे, आणि ती पाहण्यासाठी चित्रपटगृहात जाणे सार्थकी लागते. मालवणीस मराठी प्रेक्षकांत व्यापक ओळख मिळाली ती मुख्यतः १९८० साली रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’मुळे. त्या यशाचा दुसरा परिणाम असा झाला, की मालवणी म्हणजे विनोद, हे समीकरण रूढ झाले. घाटगे यांनी १९६५ मध्ये कुडाळीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले होते. परंतु ‘माका’, ‘तुका’, ‘खंय’ ही रूपे बहुसंख्य मराठी भाषकांना ठाऊक झाली ती नाटकातूनच. ‘दशावतार’मध्ये तीच बोली बाप-लेकाच्या जिव्हाळ्याची आणि पुढे शोकाची भाषा होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. सर्वत्र समजावी म्हणून ती बरीच निवळलेली आहे. पण वर म्हटल्याप्रमाणे तो मोठा दोष नव्हे. खरा दोष उत्तरार्धात आहे. दशावतारी खेळात लिखित संहिता नसते. नट उत्स्फूर्तपणे संवाद रचतो, आणि देवादिकांची भारदस्त भाषा व रोजची बोली यांच्यांत तो सहज ये-जा करतो. नाट्यमय शक्यतांनी भरलेली ही दुहेरी भाषा हाताशी असताना चित्रपट शेवटी खाणउद्योगाविरुद्धच्या भाषणांकडे वळतो. प्रश्न खरा आणि निकडीचा आहे, पण बाबुली तो आपल्या भाषेत मांडीत नाही; संदेशाच्या भाषेत मांडतो. पूर्वार्धासाठी आणि प्रभावळकरांसाठी हा चित्रपट पाहावा.

‘मानवत मर्डर्स’ ही आशिष बेंडे दिग्दर्शित मालिका ऑक्टोबर २०२४ मध्ये सोनी लिव्हवर आली. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७०च्या दशकाच्या आरंभी घडलेले हत्यासत्र आणि रमाकांत कुलकर्णी यांनी केलेला तपास हा तिचा विषय. आशुतोष गोवारीकर, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर, मकरंद अनासपुरे यांची कामे कसलेली आहेत आणि काळाची उभारणी काळजीपूर्वक केलेली आहे. आक्षेप भाषेच्या वाटपाविषयी आहे. तर्क, कायदा आणि संयम यांच्या वाट्यास प्रमाण मराठी आली आहे. गुप्तधन, नरबळी आणि वासना यांच्या वाट्यास मराठवाड्याची बोली. अनासपुरे यांनी हीच बोली विनोदी भूमिकांतून लोकप्रिय केली होती. येथे ती भीतीसाठी योजिली आहे. हशाकडून भयाकडे झालेला हा प्रवास नटाच्या दृष्टीने मोठा असेल. बोलीच्या दृष्टीने ती आहे तेथेच राहिली. मूळ प्रकरणातील अधिकारी बाहेरचे आणि आरोपी स्थानिक होते, असे उत्तर यावर देता येईल. पण त्याच गावात घाबरलेली, शहाणी, संशय घेणारी आणि मुले गमावलेली माणसेही होती, आणि त्यांची भाषाही हीच होती. त्यांना पुरेसे बोलू दिले असते, तर तोल साधला असता. अभिनयासाठी एकदा पाहण्यास हरकत नाही. बोलीचा पुरावा म्हणून मात्र ही मालिका वापरू नये.

मराठीबाहेरचे एक उदाहरण या प्रश्नावर वेगळा प्रकाश टाकते. २०२०, २०२२, २०२४ आणि २०२५ असे ‘पंचायत’ या हिंदी मालिकेचे चार भाग झाले. तिच्यातील फुलेरा हे काल्पनिक गाव उत्तर प्रदेशाच्या बलिया जिल्ह्यात कल्पिले आहे. बलिया हा भोजपुरीचा प्रदेश. मात्र मालिकेत ऐकू येते ती प्रायः पूर्वेकडील ढंगाची हिंदी. चित्रीकरणही मध्य प्रदेशातील सीहोर जिल्ह्यातील गावात झालेले आहे. भाषिक सत्याच्या दृष्टीने ही मोठीच उणीव होय. असे असूनही पहिल्या दोन भागांत गावच्या माणसांना स्वतःची बुद्धी आहे, चिडण्याची आणि माघार घेण्याची स्वतःची रीत आहे. निवडून आलेली बाई घरात आणि कारभार नवऱ्याच्या हातात, ही स्थिती मालिका ‘प्रधानपती’ या एका समासातून उभी करते. महाराष्ट्रातील ‘सरपंचपती’ त्याचाच भाऊबंद. पहिल्या भागाच्या अखेरीस मंजूदेवी राष्ट्रगीत पाठ करून ध्वजारोहणाला उभी राहते, तेव्हा तिच्या तोंडची भाषा बदलताच तिची जागाही बदलते. पुढील दोन भागांत निवडणुकीतील कुरघोडीने या सूक्ष्मतेवर मात केली आहे. पहिले दोन भाग पाहावेत. उरलेले सोडले तरी चालेल.

शेवटी लक्ष्मण उतेकर यांचा ‘छावा’ (२०२५). शिवाजी सावंत यांच्या मराठी कादंबरीवर आधारलेला हा हिंदी चित्रपट महाराष्ट्रात अतिशय गर्दीने पाहिला गेला. विषयावरील लोकांची श्रद्धा समजण्यासारखी आहे आणि तिच्याविषयी येथे काहीच म्हणावयाचे नाही. विचार करावयाचा तो भाषेचा. सतराव्या शतकातील मराठी दरबार हा बहुभाषी दरबार होता. कागदपत्रांतील मराठीत फारसी शब्द भरपूर होते. ते बदलावेत म्हणून शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीतच ‘राजव्यवहारकोश’ रचला गेला. संभाजी महाराजांच्या नावावर संस्कृत ‘बुधभूषणम्’ आहे आणि व्रजभाषेतील रचनाही आहेत. त्यांचा स्नेही कवी कलश हा उत्तरेकडून आलेला. इतकी भाषासंपन्न व्यक्तिरेखा लाभली असता चित्रपट तिला बहुतेक वेळ एकाच उंच पट्टीतील हिंदी घोषवाक्यांत बोलावयास लावतो. रायगडावरचा खासगी संवाद आणि रणांगणावरील आरोळी यांत फरक उरत नाही. अक्षय खन्ना यांचा औरंगजेब हळू व मोजके बोलतो, आणि म्हणूनच तो अधिक लक्षात राहतो, हा योगायोग म्हणता येणार नाही. विद्वान राजपुत्राचे पांडित्य पडद्यावर ऐकूच येऊ नये, ही त्याच्या स्मृतीचीच हानी होय. भाषेच्या अभ्यासकाने ‘छावा’ टाळला, तर त्याचे काही बिघडणार नाही.

या सर्व कृतींसंबंधी एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. यांपैकी बऱ्याच जणांना त्या उपशीर्षकांसह पाहावयास मिळतील. ‘करतो आहे’ आणि ‘करून राहिला’ यांचे इंग्रजी उपशीर्षक एकच असते. ‘मला’ आणि ‘माका’ यांचेही तसेच. उपशीर्षकाच्या आधारे बोलीविषयी लिहिलेला कोणताही प्रबंध याच कारणाने संशयास्पद मानला पाहिजे. विद्यार्थ्याने निवडलेल्या दृश्याचे लेखन कानाने ऐकून करावे, ते त्या भागातील दोन-तीन भाषकांना वाचून दाखवावे आणि त्यांनी केलेल्या दुरुस्त्या जशाच्या तशा टिपून ठेवाव्यात. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाने मराठीच्या बोलींचे जे नवे सर्वेक्षण हाती घेतले, त्यातील ध्वनिमुद्रणेही पडताळणीस उपयोगी पडतील.

या उद्योगाचा लाभ केवळ प्रबंधापुरता नाही. चंद्रपूरहून किंवा मानवतहून आलेला विद्यार्थी विभागात पाऊल टाकताच आपली बोली बाहेर ठेवतो, कारण ती ऐकून लोक हसतात हे त्यास अनुभवाने ठाऊक असते. हे हसू त्याच्या सहाध्यायांस बव्हंशी पडद्यानेच शिकविले. ‘स्थळ’मधील बाप बोलत असता प्रेक्षागृहात जी शांतता पसरते, ती वर्गातही पसरली, तर त्या विद्यार्थ्यास आपले पहिले टिपण आपल्या बोलीविषयी लिहिण्याचा धीर येईल.