'कंप्लेन' या क्रियापदाविषयी

दया पवारांचे 'बलुतं' (1978) वर्गात शिकवीत असताना एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, हे लेखक फार कंप्लेन करतात." वर्ग हसला. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. प्रस्थापित समीक्षेने 'रडगाणे', 'आक्रस्ताळेपणा' या शब्दांत हाच आक्षेप पूर्वी घेतला आहे. त्याने त्याचे इंग्रजी केले इतकेच. तेव्हा या क्रियापदाचीच झडती घेणे भाग आहे.

मी राहतो त्या भाईंदर पूर्वेत हा शब्द रोज कानी पडतो. नळाला पाणी नाही, लिफ्ट बंद आहे, की लगेच 'कंप्लेंट कर' म्हणतात. येथे तो हक्काचा शब्द आहे. माणूस तो ताठ मानेने वापरतो आणि त्याला कुणी रडका म्हणत नाही. माझी आई मात्र पाण्यासाठी एका कार्यालयाच्या खिडकीपाशी उभी राहिली तेव्हा म्हणाली, "साहेब, एक विनंती होती." कर भरल्याची पावती तिच्याच हातात होती. घरातला पहिला पदवीधर मी, मागे उभा होतो. मलाही दुसरा शब्द सुचला नाही.

या इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. तेथे त्याचा अर्थ छाती बडवून शोक करणे असा होता. पुढे त्यातून दोन अर्थ निघाले. एक कुरकुर, दुसरा कायदेशीर फिर्याद. आपल्या समाजाने या दोन अर्थांची वाटणी करून टाकली आहे. सवर्ण ग्राहक बोलला की ती फिर्याद होते, दलित लेखक बोलला की कुरकुर.

आपल्या जुन्या शब्दांतही ही उतरंड आहे. ज्याच्यापुढे गाऱ्हाणे घालायचे त्याची सत्ता आधी मान्य करावी लागते. चौदाव्या शतकात चोखोबांनी ते देवळाबाहेर राहून विठ्ठलापुढे घातले. 1894 मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी लष्करभरतीसाठी सरकारच्या नावे अर्ज लिहिला. देवाच्या जागी सरकार आले, मागण्याला कारणे जोडली गेली. पण मागणे संपले नाही.

महाडला हे बदलले. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 साली केला. महाड नगरपालिकेनेही 1924 मध्ये तसा ठराव केला. तो कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी आणखी एक अर्ज केला नाही. ते आपल्या माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. मग फिर्याद कोणी केली? त्याच वर्षी डिसेंबरात कोर्टात गेले ते महाडचे स्पृश्य. 1937 साली मुंबई उच्च न्यायालयात ते हरले. दहा वर्षे तक्रार चालविणाऱ्या या मंडळींना रडगाणे गाणारे असे कोणत्या समीक्षकाने म्हटले आहे?

आता 'बलुतं'कडे पाहू. तेथे दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो ती शिकलेल्या दया पवारला. ऐकणारा कोणी हाकीम नाही. स्वतःच्या दुबळेपणाचा, बायकोवर घेतलेल्या संशयाचा हिशेबही तो मांडतो. कुरकुर करणारा असे करीत नाही, तो स्वतःला नेहमी वगळतो. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' (1986) मध्ये आपल्याच वस्तीतील सुनांचा छळही लपविलेला नाही. अशा लेखनाला साक्ष म्हणावे लागते.

मात्र आपल्याही पदरात काय आहे ते पाहिले पाहिजे. सवर्ण वाचकाला पाझर फुटावा म्हणून लिहिलेले लेखन आपल्यातही आहे. तेथे साक्षीचे पुन्हा गाऱ्हाणे होते. हे इतरांनी सांगण्याआधी आपण सांगावे.

याचा अर्थ तक्रार करणे हलके, असा नव्हे. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने पोलिसांचे कर्तव्य स्पष्ट लिहिले गेले. तोंडी दिलेली माहिती अधिकाऱ्याने लिहून घेतल्यावर ती वाचून दाखवावी आणि मगच सही घ्यावी. आमचे बोलणे आम्ही बोललो तसेच कागदावर उतरावे, यासाठीही कायदा करावा लागला! कार्यकर्त्यांनी हे कलम चारचे पोटकलम पाठ करावे आणि ठाण्यात जाताना 'विनंती' हा शब्द घरी ठेवून जावे.

त्या विद्यार्थ्याला मी एकच काम दिले. 'बलुतं'मधला दगडू आपल्यावरील दोष पुसून कोणाकडे दाद मागतो, ते पान काढून आण म्हटले. तो अजून शोधतो आहे. त्या निमित्ताने त्याचे पुस्तक दुसऱ्यांदा वाचून होत आले आहे.