स्वच्छ कोड, मुका ड्रायव्हर

लिनक्सच्या ड्रायव्हरांत हल्ली एकाच छापाचे पॅच येतात. जुन्या फंक्शनमधले लॉक-अनलॉक काढायचे, ब्लॉक संपताच लॉक आपोआप सोडणारा ‘गार्ड’ घालायचा, चार ‘गोटू’ उडवायचे. कारण काय, तर कोड सुटसुटीत झाला. कोणासाठी? अनेकदा खाली कबुलीही असते: फक्त कंपाइल करून पाहिले.

पीटर झायल्स्ट्रा यांनी २०२३ साली ६.५ कर्नलमध्ये आणलेली ही सोय मुळात चांगली आहे. एरर आली आणि लॉक तसाच अडकून राहिला, हा जुना रोग तिने जातो. नव्या ड्रायव्हरात ती जरूर वापरावी. वाद आहे तो चालत्या ड्रायव्हरांवर ती लादण्याचा.

‘गोटू’ची उतरंड हिणवणाऱ्यांनी ती एकदा सावकाश वाचावी. आधी रेग्युलेटर, मग क्लॉक, मग रीसेट सोडणे, शेवटी इंटरप्ट. बिघडले की उलट्या क्रमाने माघार. उपकरण बंद कसे करायचे, ते तिथे उघड लिहिलेले असते. संसाधने आपोआप सोडणारे ‘डेव्हएम’ ते पडद्याआड नेते. इंटरप्ट त्याच्या हवाली केला आणि क्लॉक मात्र ‘रिमूव्ह’मध्ये हाताने बंद केला, तर क्लॉक आधी जातो, इंटरप्ट मागाहून. तेवढ्या फटीत हँडलरने रजिस्टर वाचले की काही चिपांवर अख्खे यंत्र गोठते. ओळी कमी झाल्या, बग मात्र वाढला.

रजिस्टरवर लिहून लगेच तेच वाचायचे आणि आलेली किंमत टाकून द्यायची, ही ओळ नवख्याला फालतू वाटते. पण पीसीआयवर लिहिलेले मधल्या ब्रिजमध्ये रेंगाळू शकते. ते उपकरणापर्यंत पोचवायला हे वाचन लागते. अशा ओळीवर एका वाक्याची टीप हवी. सफाईवाले टीप लिहीत नाहीत, ओळ काढतात.

ओळीच्या लांबीचा वाद पॅच तपासणाऱ्या ‘चेकपॅच’ने २०२० मध्ये ८०ची मर्यादा १०० केली तेव्हाच मिटायला हवा होता. कच्च्या ड्रायव्हरांचा ‘स्टेजिंग’ विभाग ही नवशिक्यांची तालीम. तिथे खुशाल स्पेस मोजा. रस्टचे भक्त भाषाच बदला म्हणतील, पण चिप कोणत्या क्रमाने जागी होते हे रस्टलाही डेटाशीटमधूनच कळणार.

नेटवर्किंगच्या मेंटेनरांनी मात्र लेखी भूमिका घेतली आहे: दुसऱ्या कामाशी संबंध नसलेली नुसती सफाई नको, वीस ओळींहून लांब फंक्शनमध्ये ‘गार्ड’ टाळा. याला सनातनीपणा म्हणणारे म्हणोत. जुन्या स्टेबल कर्नलमध्ये दुरुस्ती नेताना सफाईच्या प्रत्येक पॅचशी झटापट होते, आणि ही झटापट सफाई करणाऱ्याला करावी लागत नाही. पॅचांची संख्या त्याच्या नावावर जमा होते, निस्तरणे मेंटेनरच्या.

तेव्हा इतर मेंटेनरांनीही हाच नियम करावा, आणि आणखी एक पाऊल पुढे जावे. टेबलावर ते उपकरण नसेल आणि हातात डेटाशीट नसेल, तर पॅच आल्या पावली परत. ड्रायव्हर वाचणाऱ्याला हार्डवेअर दिसले पाहिजे. ते झाकणारी सफाई ही नासधूसच.